दांड्यावरचं कुंकू

आमच्या घरात विमान आलं तेव्हा मी नवऱ्याशी बोलणं टाकलं. विमान म्हणजे काळ्या प्लास्टिकचा एक जड ठोकळा, त्यातून वर आलेला मुठीत मावणारा दांडा आणि विटेएवढा ॲडॅप्टर. व्हाइटफील्डमध्ये कुणी गृहस्थ देश सोडून चालले होते आणि घर रिकामं करत होते, त्यांच्याकडून त्याने ही जुनी जॉयस्टिक आणली. येलहंका ते व्हाइटफील्ड आणि परत म्हणजे सगळा शनिवार गेला. येताना त्याने तिला शेजारच्या सीटवर पट्टा बांधून बसवलं होतं. मी त्या सीटवर बसते तेव्हा पट्टा लावला की नाही हे त्याने इतक्या वर्षांच्या संसारात एकदाही विचारलं नाही, आणि हे मी त्याला फाटकातच ऐकवलं.

पण खरा राग पट्ट्याचा नव्हता, शिवणाच्या मशीनचा होता. घरातली सगळी टेबलं त्या ठोकळ्याखाली डुगडुगायची. पाय लोखंडी आणि वरची फळी सागवानी असं एकच टेबल होतं, ते अम्मांच्या शिवणाच्या मशीनचं. अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी ती मशीन माझ्या लग्नानंतर मला दिली होती, आणि मी त्यावर साड्यांना फॉल लावण्यापलीकडे काही केलं नसलं तरी ती माझी होती. नवऱ्याने मला न विचारता मशीन काढून कपाटावर ठेवली, फळीला दोन शिकंजे आवळले आणि ठोकळा पक्का बसवला. वर मला म्हणाला, खाली पायाने चालवायचा पत्राही आहे, तो विमानातल्या पेडलसारखा वापरता येतो का बघतो. मी नागपूरची आहे. आमच्याकडे राग आला की आवाज चढतो. त्या दिवशी मात्र माझा आवाजच बंद झाला, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

त्याचं घराणं बंगळुरातलं जुनं. तीन-चारशे वर्षांपूर्वी सैन्याबरोबर आलेली मराठी माणसं इथेच राहिली, त्यांतलं. घरात बोलतात मराठी, पण मधेच कन्नड 'स्वल्प थांब' म्हणजे जरा थांब, आणि 'सरी' म्हणजे बरं, असं येतं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक 'की' लटकतो. लग्न होऊन आले तेव्हा मला ते परकं वाटायचं. माझं मराठी त्यांना भांडल्यासारखं वाटायचं, आणि बऱ्याचदा मी भांडतच असायची.

येलहंक्यात घर असल्यामुळे विमानं डोक्यावर असतातच. हवाई दलाची विमानं गेली की आमच्याकडे बोलणं थांबतं, आणि आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू होतं. नवरा लहानपणापासून गच्चीवर मान वर करून वाढला. चष्म्यामुळे हवाई दलात जाता आलं नाही, मग इंजिनिअर झाला आणि हेब्बाळच्या एका कचेरीत संगणकापुढे बसला. तिथून घरी आला की घरच्या संगणकापुढे बसायचा आणि त्यात विमान उडवायचा. हा त्याचा छंद मी कधीच मनावर घेतला नव्हता. पत्त्यांचं किंवा बाटलीचं व्यसन नाही, घरात डोळ्यांसमोर असतो, एवढा त्याचा हिशोब मी लावला होता.

ही जॉयस्टिक मात्र वेगळी आहे असं तो म्हणत होता. साध्या जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते. ढकलली की जाते, सोडली की मधे येते. विमान उडत असो की पडत असो, तिला काही देणंघेणं नाही. हिच्यात दोन मोटरी होत्या. विमानाचा वेग वाढला की दांडा हाताला जड लागायचा, वेग उतरला की सैल पडायचा. आणि वेग इतका कमी झाला की पंखांना विमान पेलेना, तर दांडा थरथरायला लागायचा. 'पडायच्या आधी सांगतं ते,' तो म्हणायचा. 'ऐकायचं ते हाताने ऐकायचं.'

पण हे सगळं व्हायला ती आधी नीट लागायला हवी होती, आणि ती लागत नव्हती. नवीन संगणक तिला ओळखत होता, पण तिच्या मोटरींशी बोलत नव्हता. मग बोलायला लागला तो उलटा. दांडा मधे यायच्या ऐवजी कडेला पळायचा, आणि एकदा तर त्याच्या बोटांवर असा आपटला की अम्मा देवघरातून उठून आल्या. कुठे कुठे वाचून, विचारून तो रोज काही बदलायचा, आणि मग त्याची वेगळीच अडचण झाली. दांडा कुठे जाणार हे त्याला आधीच माहीत असायचं, त्यामुळे त्याचा हात नकळत तिकडे जायचा. खरोखर मोटर ढकलते आहे की आपलाच हात, हे त्याला कळेना.

तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, भांडण नंतर पुढे चालू कर, आत्ता तुझा हात पाहिजे. 'तुझा हात अडाणी आहे. तोच खरं सांगेल.'

मी हात धुऊन गेले. त्याने मला डोळे मिटून दांडा धरायला सांगितलं. तो बटणं दाबायचा आणि विचारायचा, आता कुठे ओढतोय? मी सांगायची, डावीकडे. आता? माझ्याकडे. आता? आता नुसता कापतोय. मिटलेल्या डोळ्यांनी मी माझ्याच घरात बसले होते आणि हाताला कुणीतरी बारीक धक्के देत होतं. तो शेजारी श्वास रोखून बसला होता. लग्नाच्या सुरुवातीच्या दिवसांनंतर इतक्या लक्षपूर्वक त्याने माझं बोलणं ऐकलं नव्हतं. अबोला तिथेच संपला, मला तो परत धरता आला नाही.

त्यानेच मला ट्रिम शिकवलं. विमान वर न्यायचं तर दांडा ओढून धरावा लागतो, आणि सारखा ओढून हात भरून येतो. म्हणून एक छोटं चाक असतं. ते जरा फिरवलं की दांडा आपण धरलाय तिथेच स्थिर होतो आणि हातावरचा भार उतरतो. पडद्यापुढे बसून मला त्याचं फार कौतुक वाटलं नाही. पण त्यानंतर मी कशावरून भडकले की तो तर्जनी हवेत जरा फिरवायचा आणि म्हणायचा, 'ट्रिम कर की स्वल्प.' कधी मी हसायची, कधी आणखी भडकायची.

आणखी दोन गोष्टी त्याने सांगितल्या होत्या. एक म्हणजे दांड्याच्या मुठीला एक बारीक भोक होतं, आत दिवा. तळहाताने ते झाकलं गेलं की जॉयस्टिकला कळायचं की कुणीतरी धरलंय, मगच मोटरी जोर लावायच्या. हात काढला की सगळं ढिलं. दुसरी गोष्ट म्हणजे ढिला दांडा धपकन कडेला पडायचा. जुना आहे, पडून पडून आतले दाते जातील, म्हणून हात काढण्याआधी त्याला हळूच टेकवायचं. मी बंद करायला गेले की तो दुसऱ्या खोलीतून ओरडायचा, पडू देऊ नकोस.

त्या वर्षीच्या आयुधपूजेला अम्मांनी नेहमीसारखं घरातलं सगळं पुजलं. इथे खंडेनवमीला कचेऱ्या, रिक्षा, दुकानं, सगळीकडे लिंबं चिरडलेली आणि कोहळे फुटलेले असतात. आमच्या अम्मा मिक्सर आणि कपडे धुण्याच्या मशीनलाही सोडत नाहीत. त्यांनी ओलं कुंकू कालवलं, स्कूटरला लावलं, संगणकाला लावलं आणि शिवणाच्या टेबलापाशी आल्या. आपल्या मशीनच्या जागी हे काय बसलंय याची त्यांना मनातून अढी होती, पण आयुध ते आयुध. दांड्याच्या मुठीवर त्यांनी अंगठ्याने ठसठशीत टिळा ओढला, शेवंती वाहिली आणि आरती ओवाळली.

दुपारी नवऱ्याने विमान सुरू केलं आणि दांडा आपोआप उभा राहिला. कुणाचा हात नाही आणि तो ताठ. संगणकातलं विमान वाऱ्याने हललं की दांडाही जरा हलायचा. अम्मा जपाची माळ घेऊन तिथेच बसल्या होत्या, त्यांनी माळ खाली ठेवली. नवरा आधी गोंधळला, मग त्याने मूठ वळवून पाहिली आणि इतका हसला की त्याला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. टिळा नेमका त्या भोकावर बसला होता. त्याने अम्मांना समजावलं, की दांड्याला वाटतंय कुणीतरी हात धरलाय. अम्मा म्हणाल्या, कुणीतरी म्हणजे कोण? तो म्हणाला, तुमचं कुंकू. मग त्याने ओल्या फडक्याने भोक पुसलं, दांडा टेकवला आणि आम्ही जेवायला बसलो. तेवढ्यासाठी मला ती खंडेनवमी आठवते, कारण त्यानंतर तो तसा हसला नाही.

दिवाळीनंतर त्याची जॉयस्टिकबद्दल तक्रार सुरू झाली. फार जोर लावते म्हणायचा. पडद्यावर जोराची एक पट्टी होती, उजवीकडे सरकवली की मोटरी जास्त ढकलायच्या, डावीकडे नेली की कमी. सुरुवातीला मोठ्या हौसेने ती त्याने पार उजवीकडे नेऊन ठेवली होती, खऱ्या विमानात असाच जोर लागतो म्हणून. आता ती थोडी डावीकडे आणली. काही दिवसांनी आणखी थोडी. ॲडॅप्टर बिघडला असेल म्हणून नवीन आणला. आत ग्रीस सुकलं असेल म्हणून जॉयस्टिक उघडून साफ केली. शिकंजे सैल झालेत म्हणून पुन्हा आवळायला गेला आणि त्याच्या हातून ते आवळेनात, तेव्हा मला हाक मारली. मी दोन्ही शिकंजे आवळले. मला काहीच जड गेलं नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि तरी तो म्हणाला की गंजले असतील.

मग शर्टाचं वरचं बटण. मग कुलपातली किल्ली. हॉटेलात सांबाराची वाटी उचलताना हात खाली गेला आणि सगळं सांबार टेबलावर. वेटर फडकं घेऊन आला, म्हणाला, परवाइल्ला सर, काही हरकत नाही. नवरा आपल्या हाताकडे असा बघत होता, जणू तो वेटरचा हात होता.

तपासण्या बऱ्याच झाल्या. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की स्नायूंना चालवणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत, आणि त्या परत येत नाहीत. आधी हात, मग बाकीचं, शेवटी श्वास. हे त्यांनी चांगल्या शब्दांत सांगितलं, पण चांगल्या शब्दांनी काय होतं. पहिल्यांदा कधी लक्षात आलं असं त्यांनी विचारलं तेव्हा नवरा म्हणाला, जॉयस्टिक जड लागायला लागली तेव्हा. डॉक्टरांना ते कळलं नाही आणि त्याने समजावलंही नाही. गाडीत बसल्यावर मला म्हणाला, 'तिने आधी सांगितलं होतं. मी तिलाच दुरुस्त करत बसलो.'

मला त्या क्षणी ती जॉयस्टिक उचलून गच्चीवरून फेकावी असं वाटलं. मनातल्या मनात मी कितीदा फेकली. तो मात्र घरी गेल्यावर सरळ तिच्यापुढे जाऊन बसला.

त्यानंतर त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. बाकी सगळं तू कर म्हणाला, भरव, आंघोळ घाल, बटणं लाव, मी चकार शब्द काढणार नाही. पण रोजची एक फेरी माझ्या हाताने. फेरी म्हणजे संगणकातलं छोटं दोन सीटांचं विमान जक्कूरच्या धावपट्टीवरून उडवायचं, हेब्बाळच्या तळ्यावरून वळसा घ्यायचा आणि परत उतरवायचं. मी कबूल केलं. सोपं मागणं वाटलं होतं.

कचेरीत जाणं थांबलं, संध्याकाळ मोठी झाली. चहा झाला की मी त्याला टेबलापाशी बसवायची, उजवा हात उचलून दांड्यावर ठेवायची आणि शेजारी भाजी निवडत बसायची. पडद्यावर येलहंका दिसायचं, पण आमचं घर नाही. आमच्या गल्लीच्या जागी सारखी सारखी लाल छपरं. मी म्हणायची, कुठल्या परक्या गावावरून उडतोस. तो म्हणायचा, वरून सगळी गावं परकीच. जोराची पट्टी डावीकडे सरकत सरकत टोकाला आली होती. दांड्यात आता नावापुरता जोर उरला होता, तरी उतरताना तो घामाघूम व्हायचा. कधी विमान धावपट्टीच्या बाहेर गवतात जायचं. तेव्हा तो जेवायचा नाही, आणि मी संगणकातल्या गवतालाही शिव्या घालायची.

उन्हाळ्यात त्याचा हात वाळला. अंगठ्याखालचा मांसल भाग पार गेला, तिथे खळगा पडला. आणि एके दिवशी मी हात नीट ठेवला तरी दांडा उठेना. वायरी तपासल्या, संगणक बंद करून चालू केला. मी स्वतः धरून पाहिलं तर लगेच उठला. त्याने धरलं की मेला. मला कळायला वेळ लागला. त्याच्या तळव्याला आता ते भोक झाकता येत नव्हतं. हात दांड्यावर होता आणि दांड्याला तो कळत नव्हता. तो म्हणाला, आज नको.

मला अम्मांचा टिळा आठवला. दुसऱ्या दिवशी तो झोपलेला असताना मी देवघरातलं कुंकू घेतलं, पाण्याचा थेंब घातला आणि भोकावर ठिपका दिला. संध्याकाळी त्याला बसवलं, हात ठेवला, आणि दांडा उठला. विमान उडालं. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी उठून स्वयंपाकघरात गेले, पोळ्या करायच्या होत्या म्हणून नाही. परत आले तेव्हा त्याचा हात दांड्यावरून घसरून मांडीवर पडला होता. दांडा तसाच उभा होता. विमान हेब्बाळच्या तळ्यावरून सरळ चाललं होतं.

तो दांड्याकडे पाहत होता. मी आल्याचं त्याला कळलं. एव्हाना बोलताना त्याची जीभ जड व्हायची, शब्द सावकाश यायचे.

'कुंकू लावलंस,' तो म्हणाला.

मी त्याचा हात उचलून परत दांड्यावर ठेवायला गेले.

'पूस की.'

मी म्हटलं, असू दे ना, कुणाचं काय जातंय.

'माझ्या हाताशिवाय ते उभं राहतंय,' तो म्हणाला. 'मग मी कशाला बसू इथं?'

मला भयंकर राग आला. त्याच्यावर, त्या भोकावर, नसांवर, माझ्यावर. मी ओरडले की मला जे सुचतं ते मी करते, मला काय डॉक्टरी येते, मी आणखी काय लावू आणि कुठे लावू. शेजारच्या घरात ऐकू गेलं असणार. ओरडता ओरडता रडायला लागले आणि पदराने ते कुंकू पुसलं. दांडा धपकन पडला. मी त्याला टेकवलंसुद्धा नाही. तो मला पुरतं रडू देऊन म्हणाला, 'तुझा हात ठेव की. माझ्यावरून.'

मी त्याचा हात दांड्यावर ठेवला आणि त्यावरून माझा. माझी बोटं त्याच्या बोटांच्या पुढे गेली आणि भोक झाकलं गेलं. दांडा उठला. मी वळवायचं नाही असं त्याने बजावलं, फक्त धरायचं, तो सांगेल तेव्हा आणि तेवढंच. त्याच्या बोटांची हालचाल इतकी थोडी होती की ती मला हातानेच ऐकावी लागायची. कधी ती बोटं हलायची नाहीत, नुसती हलवावीशी वाटायची, आणि तेही मला कळायला लागलं. त्या संध्याकाळी विमान धावपट्टीवर उतरलं. जरा उड्या मारत उतरलं, पण पट्टीवरच. म्हणाला, अडाणी हाताच्या मानाने बरं आहे.

त्या फेऱ्या आम्ही वर्षभर केल्या, त्याला खुर्चीत बसता येत होतं तोवर. पाऊस असो, पाहुणे असोत. दुसरी खंडेनवमी आली तेव्हा अम्मांनी टिळा मुठीऐवजी खाली ठोकळ्याला लावला. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण घरात काय चाललंय हे त्यांना कळत असणारच. पुढे त्याचं बोलणं गेलं. मी चिडले की तो उजव्या हाताच्या तर्जनीकडे बघायचा. ती फिरत नसे, तो फक्त तिच्याकडे बघायचा, आणि मी शांत व्हायची.

आषाढात तो गेला. शेवटचे दिवस दवाखान्यात गेले, त्याबद्दल मला लिहायचं नाही. हात माझ्या हातात होता. मी शेवटपर्यंत तो ऐकत होते, आणि मग ऐकायला काही उरलं नाही.

जॉयस्टिक तिथेच राहिली. नणंद, जिला घरात सगळे अक्का म्हणतात, तिने एकदा हळूच सुचवलं की शिवणाची मशीन खाली काढू या, अम्मांना बरं वाटेल. मी म्हटलं, बघू. मी टेबलावर चादर टाकली होती. संध्याकाळी चहा झाला की माझा उजवा हात रिकामा व्हायचा आणि त्याचं काय करावं ते मला कळायचं नाही.

खंडेनवमी आली. तो जाऊन वर्ष व्हायचं होतं, घरात सण नव्हता. रस्त्यावर केळीचे खांब बांधलेल्या रिक्षा फिरत होत्या, आमच्या दारात काही नाही. दुपारी अम्मा माझ्या खोलीत आल्या. त्यांच्या हातात कुंकवाची वाटी होती, कालवलेलं. मी म्हटलं, अम्मा, यंदा नाही करायचं. त्या म्हणाल्या, सण नको. आरती नको, फूल नको. 'तेवढं एक लाव त्याच्यावर,' त्या म्हणाल्या. 'जिथे लावलं की उठतं, तिथे.'

मला ते नको होतं. त्याने पूस म्हणून सांगितलं होतं. त्याचा हात नसताना दांडा उभा राहणं त्याला सहन झालं नव्हतं, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी अम्मांना ते सांगायला तोंड उघडलं. त्या वाटी धरून उभ्या होत्या. त्याचा हात पहिल्यांदा उघडला-मिटला तो त्यांच्या मांडीवर. माझ्याकडे वर्षभर संध्याकाळी तो हात होता. अम्मा त्या वेळी देवघरात जप करत बसल्या होत्या आणि त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

मी चादर काढली. संगणक सुरू केला. जोराची पट्टी अजून पार डावीकडे, आम्ही सोडली होती तिथेच होती. मी ती धरून उजवीकडे नेली, अगदी शेवटपर्यंत, पहिल्या दिवशी त्याने नेली होती तशी. का, ते मला सांगता येणार नाही. विमान जक्कूरच्या धावपट्टीवरून वर नेलं, ट्रिम केलं आणि हात काढायच्या आधी अंगठा वाटीत बुडवून त्या भोकावर ठिपका दिला.

दांडा उभा राहिला. अम्मा खुर्चीत बसल्या. थोडा वेळ त्यांनी नुसतं पाहिलं, मग आपला हात पुढे केला आणि मूठ धरली. जरा ढकलून पाहिलं. दांड्याने त्यांचा हात परत ढकलला, चांगला जोराने. त्यांनी पुन्हा ढकललं. पुन्हा तेच.

'जोर आला की गं परत,' अम्मा म्हणाल्या.

मी हो म्हटलं. मोटरी, पट्टी, यातलं काहीही मी बोलले नाही. त्या बराच वेळ तशाच बसल्या, मूठ धरून, आणि दांडा विमानाबरोबर जरासा हलला की त्यांचा हातही हलायचा. पडद्यावर आमची नसलेली लाल छपरं मागे गेली, तळं गेलं. मोटरी तापल्याचा वास यायला लागला. फार वेळ चालू ठेवू नये असं तो म्हणायचा. मी अम्मांच्या खांद्याला हात लावला. त्या म्हणाल्या, सरी, आणि उठून देवघरात गेल्या.

मग मी दांडा घट्ट धरला, दुसऱ्या हाताने बटण बंद केलं. मुठीतला जोर एकदम गेला. पडू न देता मी त्याला हळूहळू खाली आणलं आणि कडेला टेकवलं.